मंगळवारी सराव असतो

किलकेनी हा आयर्लंडच्या आग्नेयेकडचा, लाखभर वस्तीचा जिल्हा. तिकडे त्याला काउंटी म्हणतात. हर्लिंगची अखिल आयर्लंड विजेतेपदं मोजली तर २०२५ च्या हंगामापर्यंत किलकेनीकडे ३६ आहेत, दुसऱ्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. पण या संघातल्या एकालाही खेळण्याचा पगार मिळत नाही. त्यामुळे इथला दिनक्रम नोकरदाराचा आहे, फक्त त्याच्या दोन्ही बाजूंना खेळ शिवलेला आहे. खाली ज्याचा मंगळवार सांगतो आहे तो कुणी एक माणूस नाही. अनेकांचे मंगळवार एकत्र करून हा बनवला आहे. महिना मे. परवाच्या रविवारी लीन्स्टर प्रांताच्या स्पर्धेतला सामना झाला, येत्या रविवारी पुढचा आहे. पेशाने तो प्राथमिक शिक्षक.

सकाळी ६.३०

डोळे उघडले की हात आधी फोनकडे जातो. झोप किती झाली, पाय किती जड आहेत, कुठे दुखतंय, मन थाऱ्यावर आहे का, सगळ्याचे आकडे संघाच्या ॲपमध्ये भरायचे. तिकडे फिटनेसचा प्रशिक्षक ते बघतो आणि संध्याकाळी कुणाला किती पळवायचं ते ठरवतो. आज दुखण्याच्या रकान्यात डावा हात आहे. रविवारी उंचावरून आलेला चेंडू झेलायला त्याने हात वर केला, आणि त्याच क्षणी दुसऱ्या कुणाची काठीही तिथे पोचली. हर्लिंगमध्ये याला कुणी अपघात म्हणत नाही. बळकट हातात काठी आणि दुसरा हात मोकळा. तो मोकळा हात काठ्यांच्या गर्दीत वर घालायचा, हा या खेळाचा पायाच आहे. २०१० पासून सगळ्यांना शिरस्त्राण आणि तोंडावर जाळी सक्तीची झाली. त्यामुळे दात आणि डोळे वाचतात. बोटांचं ज्याचं त्याने बघायचं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्हीकडे १५ जण, वेळ ७० मिनिटं. हातात अ‍ॅशच्या लाकडाची, टोकाला पसरट होत गेलेली काठी, ती हर्ली. चेंडू चामड्याचा, ११० ते १२० ग्रॅमचा, त्याला स्लिटर म्हणतात. हॉकीत चेंडू जमिनीवर राहतो, इथे तो बहुतेक वेळ डोक्यावरून जात असतो, आणि चांगला मारला तर ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे. जमिनीवरचा चेंडू हाताने उचलायचा नाही, काठीनेच वर काढायचा. हातात धरला तर चार पावलांपलीकडे जायचं नाही. पळायचंच असेल तर काठीच्या टोकावर तोलत पळायचं, आणि मागून कुणी काठी घालत असताना. मैदानाच्या दोन्ही टोकांना इंग्रजी 'एच' अक्षरासारखे खांब. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. खांबाशेजारी पांढरा कोट घातलेले दोन पंच उभे असतात. गोल झाला की ते हिरवा झेंडा हलवतात, गुण झाला की पांढरा.

न्याहारीला ओट्स आणि चार अंडी. खिडकीतून गोठ्याचा दिवा दिसतो, भावाचं दूध काढणं उरकत आलंय. घर गावाबाहेर, दुभत्या गायींच्या पट्ट्यात. काउंटीच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या जर्सीवर नाव असतं तेही इथल्याच दुधाच्या ब्रँडचं.

सकाळी ७.४५

गाडीत स्थानिक रेडिओ लावला की रविवारचा सामना अजून संपलेला नसतो. मंगळवारपर्यंत तर नाहीच. कोणाला उशिरा बदललं, कोणाला बदलायलाच हवं होतं, यावर शेतकरी, ट्रकचालक, निवृत्त शिक्षिका अशी सगळी मंडळी मत देतात. एका मताप्रमाणे आपल्या या गृहस्थालाच बाहेर बसवायला हवं होतं. तो आवाज कमी करत नाही. ते मत देणारी बाई त्याच्या शेजारच्या गावातली असावी असं त्याला आवाजावरून वाटतं.

किलकेनीच्या रेडिओवर एक जुनं दुखणं अधूनमधून निघतंच. २०२५ च्या जुलैत उपान्त्य सामना टिपेररीशी होता. ही सख्खी शेजारीण आणि सख्खी वैरीण. २००९ ते २०१९ या काळात सहा वर्षी अंतिम सामना या दोघींतच झाला. २०२५ च्या त्या सामन्यात शेवटच्या मिनिटांत क्रोक पार्क मैदानाच्या गुणफलकावर टिपेररीचा एक गुण चुकून जास्तीचा दिसत राहिला. खरा फरक दोनचा होता, फलक तीन सांगत होता. दोन गुण दोन फटक्यांत दांडीवरून मारता येतात. तीन म्हणजे गोल पाहिजे. किलकेनीचे खेळाडू गोलच्या मागे लागले. सामना ४-२० विरुद्ध ०-३० असा संपला, म्हणजे गोलचे तीन-तीन धरून ३२ विरुद्ध ३०. चूक झाली हे खेळाच्या संघटनेने नंतर मान्य केलं. टिपेररी अंतिम सामना जिंकली. किलकेनीचं शेवटचं विजेतेपद अजून २०१५ चंच आहे, आणि त्यानंतर चार अंतिम सामने हरून झाले आहेत. ३६ विजेतेपदांच्या काउंटीत दहा वर्षांचा दुष्काळ म्हणजे काय, ते रेडिओवरून कळतं.

शहरात शिरताना नोर नदी आणि तिच्यावरचा किल्ला दिसतो. पर्यटक किल्ल्याकडे बघतात. स्थानिक माणूस दुकानांच्या दारांवरचे काळे-पिवळे झेंडे किती लागलेत ते बघतो.

सकाळी ८.५०

शाळा. वर्गाबाहेर दप्तरांच्या खाली हर्ल्यांचा ढीग. बाहेरच्या माणसाला वाटेल की आज क्रीडादिन असावा. किलकेनीतल्या प्राथमिक शाळेत हे रोजचंच आहे.

काउंटी संघांत शिक्षक आणि विद्यार्थी इतके का, याचं उत्तर घड्याळात आहे. शाळा अडीचच्या सुमारास सुटते, आणि उन्हाळ्याची सुट्टी नेमकी स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात येते. संध्याकाळी सातला मैदानावर उभं राहायचं तर गवंडीकाम करणारा किंवा डब्लिनच्या कचेरीत बसणारा माणूस दमूनच येतो. डब्लिन इथून सव्वाशे किलोमीटर; तिथून आठवड्यातून दोनदा सरावाला येणारे खेळाडू संघात असतातच. या पेशाला इथे परंपराही आहे. ब्रायन कोडी यांनी २४ हंगाम किलकेनीचं व्यवस्थापन केलं आणि ११ अखिल आयर्लंड विजेतेपदं आणली. ते शहरातल्याच एका प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. म्हणजे रविवारी ऐंशी हजार लोकांपुढे संघ उतरवायचा आणि सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत शर्ट बाहेर आलेल्या पोराला आत खोचायला सांगायचं.

आज वर्गात पहिला प्रश्न गणिताचा नाही.

"सर, तुम्ही तो फ्री फटका का नाही घेतला?"

"कारण मला कुणी सांगितलं नाही. वही काढ."

आठ वर्षांच्या मुलाला समोर उभ्या माणसाची भीती वाटत नाही, कारण तो त्याला किराणा दुकानातही भेटतो, चर्चमध्येही भेटतो, आणि परवा पेट्रोल पंपावर तो स्वतः टायरमध्ये हवा भरत होता. इंग्लंडमधल्या फुटबॉलपटूच्या घराभोवती उंच भिंत असते. इथे भिंत असतेच, पण ती चेंडू आपटण्यासाठी. किलकेनीत कुठल्याही खेळाडूला विचारा, शिकलास कुठे, तर उत्तर हमखास घराची किंवा गोठ्याची भिंत असतं.

सकाळी ११

मधली सुट्टी. मैदानात दोनशे काठ्या. मुली वेगळ्या कोपऱ्यात नाहीत, मध्येच आहेत. त्यांच्या खेळाला कमोगी म्हणतात. नियम जवळजवळ तेच, संघटना मात्र १९०४ पासून वेगळी. किलकेनीच्या महिला संघाने २०१६, २०२० आणि २०२२ मध्ये अखिल आयर्लंड जिंकली, म्हणजे गेल्या दशकात पुरुषांपेक्षा त्यांचं बरं चाललंय. हे इथल्या पुरुषांना सांगितलं की ते मान डोलावतात आणि विषय बदलतात.

याच मुलींच्या मोठ्या बहिणींनी २०२५ च्या मे महिन्यात एक गंमत केली. कमोगीत स्कोर्ट, म्हणजे पुढून स्कर्टसारखी दिसणारी चड्डी, घालण्याची सक्ती होती. बहुतेक खेळाडूंना ती नको होती, आणि संघटनेच्या अधिवेशनात बदल आधी फेटाळला गेला होता. लीन्स्टरच्या उपान्त्य सामन्याला डब्लिन आणि किलकेनी, दोन्ही संघ ठरवून साध्या शॉर्ट्समध्ये मैदानात उतरले. बदलून या, नाहीतर सामना होणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी बदलले आणि सामना खेळल्या. पण फोटो सगळीकडे गेले होते. त्याच महिन्यात विशेष अधिवेशन भरलं आणि प्रचंड बहुमताने शॉर्ट्सची मोकळीक मिळाली. एकमेकींविरुद्ध खेळायला आलेल्या दोन संघांनी मिळून हे केलं, मला त्याचं विशेष वाटतं.

काठी घेऊन पळणाऱ्यांत दोन-तीन भारतीय चेहरेही आहेत. आयर्लंडच्या रुग्णालयांत भारतीय परिचारिका मोठ्या संख्येने आहेत, बहुतेक केरळच्या. त्यांची मुलं आता इथल्या शाळांत हर्ली धरायला शिकतात. आई-बापाला घरी पहिली काळजी काचेची असते.

दुपारी १२.३०

डब्यात चिकन, भात, भाज्या. आहारतज्ज्ञाने ठरवून दिलेलं. शिक्षकांच्या खोलीत कुणाचा तरी वाढदिवस आहे. केक नाकारण्यात त्याचा दोन वर्षांचा सराव आहे.

खोलीत फुटबॉलची चर्चा चालू आहे, पण गेलिक फुटबॉलची नाही. इंग्लिश प्रीमियर लीगची. यात आता कुणाला वावगं वाटत नाही. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, ज्याला सगळे जीएए म्हणतात, ती १ नोव्हेंबर १८८४ रोजी शेजारच्या टिपेररीतल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात स्थापन झाली. इंग्रजांच्या राज्यात आपले खेळ जगवणं हा हेतू उघड होता. नंतर तिने क्रिकेट, रग्बी, सॉकर हे 'परके' खेळ खेळणाऱ्यांना बंदी घातली. ती १९७१ मध्ये उठली. त्याआधी सॉकरचा सामना नुसता पाहायला गेलेल्यांवरही कारवाई होत असे. खोलीतले सगळ्यात ज्येष्ठ शिक्षक हे सांगतात तेव्हा तरुणांना ती थाप वाटते.

गेलिक फुटबॉलबद्दल किलकेनीत बोलायचं तर फार काही नाही. बाकी आयर्लंडमध्ये तोच जास्त ठिकाणी खेळला जातो. केरी, डब्लिन, मेयो तर त्यावरच जगतात. किलकेनी मात्र वरिष्ठ फुटबॉलच्या स्पर्धेत संघच उतरवत नाही. याची इथे कुणाला खंत आहे असं दिसत नाही.

दुपारी ३

शाळा सुटल्यावर तो काठ्यांच्या कारागिराकडे जातो. रविवारी एक हर्ली मधोमध फुटली, दुसरीची पट्टी सैल झाली. शेड गावाबाहेर आहे; आत भुसा, डिंकाचा वास आणि भिंतीला उभ्या केलेल्या फळ्या.

हर्ली कुठल्याही लाकडाची होत नाही. अ‍ॅशच्या झाडाचा मुळाशी पसरत गेलेला बुंधा, खालचा सव्वा मीटर, तेवढाच कामाचा. तिथे लाकडाचे तंतू सरळ खाली येऊन बाहेरच्या बाजूला वळतात. ते वळण काठीच्या पसरट टोकाच्या वळणाशी जुळलं, तर काठी मार खाते आणि लवते. जुळलं नाही तर पहिल्याच धडकेत तडकते. झाड पंचवीस-तीस वर्षांचं झाल्यावर तोडायचं, फळ्या पाडायच्या, महिनोन्‌महिने वाळवायच्या, मग साचा ठेवून आकार द्यायचा. शेवटची तासणी हाताने. टोकाला धातूची पट्टी ठोकली की लाकूड उकलत नाही. प्रत्येक खेळाडूची लांबी, वजन, मुठीची जाडी वेगळी, आणि हे सगळं कारागिराच्या डोक्यात असतं. काउंटीचा खेळाडू एका हंगामात किती काठ्या मोडेल ते त्याच्या खेळण्यावर असतं. बचावातला माणूस जास्त मोडतो.

आता या धंद्यावर संकट आहे. अ‍ॅशच्या झाडांना वठवणारा एक बुरशीजन्य रोग आशियातून युरोपात आला आणि २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये पहिल्यांदा आढळला. रोग शेंड्याकडून सुरू होतो, फांद्या वाळत जातात. आज आयर्लंडच्या रस्त्यांनी गाडीतून जाताना कुंपणाच्या रांगेत मधूनच उघडीबोडकी झाडं दिसतात, ती हीच. अ‍ॅशचं बरंच लाकूड आधीपासूनच परदेशातून येत होतं, पण तिकडेही तोच रोग आहे. म्हणून बांबूच्या, कृत्रिम तंतूंच्या हर्ल्या आल्या आहेत. काही मोठे खेळाडू त्या वापरतातही.

"बांबूची देऊ का?" कारागीर विचारतो.

"आवाज वेगळा येतो."

"चेंडूला कान नसतात."

खेळाडू हसतो आणि अ‍ॅशचीच उचलतो. या वादात मी कारागिराच्या बाजूचा आहे. हर्लिंग २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं, आणि वारशाच्या नावाने लाकडावर अडून बसायला आता अनेकांना निमित्त मिळालं आहे. पण झाडंच उरणार नसतील तर काठी कशाची हा प्रश्न भावनेने सुटणार नाही.

दुपारी ४.३०

चाळीस मिनिटं झोप. उठून वह्या तपासणं, अर्ध्याच होतात.

संध्याकाळी ५.४५

नोलन पार्क. जेम्स नोलन यांचं नाव या मैदानाला आहे. ते १९०१ ते १९२१ अशी वीस वर्षं जीएएचे अध्यक्ष होते, इतका काळ दुसरं कुणी राहिलेलं नाही. आता नावाआधी प्रायोजकाचं नाव लागतं, पण बोलताना ते कुणी उच्चारत नाही.

सराव सातला, पण पावणेसहापासून माणसं येतात, कारण फिजिओच्या टेबलापुढे रांग असते. घोटे, गुडघे, खांदे. आपल्या गृहस्थाच्या बोटाला चिकटपट्टी बांधली जाते आणि फ्रॅक्चर नाही एवढं कळतं. चाळीसेक खेळाडूंचा ताफा, आणि त्यांच्यामागे दुसरा ताफा: व्यवस्थापक, निवडकर्ते, फिटनेसवाले, आकडेवारीवाले, डॉक्टर, फिजिओ, गोलरक्षकांचा वेगळा प्रशिक्षक, आणि साहित्य सांभाळणारा माणूस. त्याचं काम सगळ्यांत अवघड असं मला वाटतं. प्रत्येकाची काठी त्याला न बघता ओळखता येते, आणि सामन्यात मोडलेल्या काठीच्या जागी पाच सेकंदांत दुसरी, नेमकी त्याचीच, मैदानात टाकावी लागते.

संध्याकाळी ७

मे महिन्यात इथे रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिव्यांची गरज नाही. दोन खांद्यांच्या मध्ये प्रत्येकाच्या बंडीत उपग्रहाशी बोलणारं छोटं यंत्र. कोण किती पळला, किती वेगाने, कितीदा थांबला, सगळं नोंदलं जातं.

सुरुवात जोड्यांनी, साठ मीटरवरून एकमेकांना चेंडू मारणं आणि झेलणं. मग तेच धावत, मग तेच अंगावर माणूस घेऊन. यात शिकवण्यासारखं उरलेलं नसतं. हाताला आठवण द्यायची असते. त्यानंतर गोलरक्षकाचे फटके. गुण गेल्यावर गोलरक्षक चेंडू परत मैदानात मारतो, आणि आजचं हर्लिंग बरंचसं या एका फटक्यावर उभं आहे. पूर्वी तो जमेल तितक्या लांब मारायचा आणि खाली जो झेलेल त्याचा. आता संकेत ठरलेले असतात: बचावातला कोण मोकळा होणार, कोण कुणाला ओढून नेणार, चेंडू कुठल्या मोकळ्या जागेत पडणार. लिमरिकने २०१८ पासून सहा हंगामांत पाच विजेतेपदं या पद्धतीने जिंकली, त्यात २०२२ आणि २०२३ ची दोन किलकेनीला हरवून. तेव्हापासून सगळे तेच करतात. किलकेनीच्या जुन्या प्रेक्षकाला हे छोटे पास बघवत नाहीत. त्याच्या मते चेंडू वर गेला पाहिजे आणि खाली दोन माणसं भिडली पाहिजेत. त्याचं मत चुकीचं असेल, पण बघायला मजा त्यातच होती हे खरं.

शेवटची पंचवीस मिनिटं आपसात सामना. कोडींच्या काळात नोलन पार्कमधले हे आपसातले सामने गाजलेले होते. शिट्टी क्वचित वाजे. खऱ्या सामन्यापेक्षा इथे जास्त लागतं, असं खेळाडूच सांगत. २००६ ते २००९ अशी सलग चार विजेतेपदं याच गवतावर तयार झाली असं इथे मानतात. लोक सराव बघायला येऊन बसत. २०१० मध्ये हेन्री शेफलिन, अखिल आयर्लंडची दहा पदकं मिळवलेला माणूस, गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना अंतिम सामन्याआधी सरावाला उतरला, तेव्हा तो पळू शकतो का एवढं पाहायला हजारो लोक या मैदानात जमले. त्याने अंतिम सामना सुरू केला, आणि पंधरा मिनिटं व्हायच्या आत गुडघ्याने दगा दिल्यावर त्याला बाहेर यावं लागलं. टिपेररीने त्या दिवशी किलकेनीचं सलग पाचवं विजेतेपद हिरावलं.

आज आपल्या गृहस्थाला विरुद्ध बाजूला एकोणीस वर्षांचा एक मुलगा लागलाय. सात वर्षांपूर्वी त्याने ज्याला शाळेच्या संघात शिकवलं, तोच. मुलगा दोनदा त्याच्या हातातून चेंडू काढून घेतो. तिसऱ्यांदा खांदा लागतो आणि मुलगा आडवा होतो. शिट्टी वाजत नाही.

रात्री ८.३०

अंघोळ, बर्फाच्या पाण्यात पाय, मग जेवण: मटण, बटाटे, पास्ता, दुधाचे मोठे पेले. जेवताना पैशाचा विषय निघतो, कारण इंधनाच्या खर्चाचे अर्ज भरायचे आहेत. गाडीच्या किलोमीटरमागे भत्ता, जेवण, साहित्य, वैद्यकीय खर्च आणि सरकारकडून वर्षाचं एक छोटं अनुदान, एवढंच खेळाडूला मिळतं. तेही आपोआप मिळालेलं नाही. १९९९ मध्ये खेळाडूंनी स्वतःची संघटना काढली आणि भांडून घेतलं. क्रोक पार्कमध्ये ८२,३०० माणसं बसतात, तिकिटं विकली जातात, टीव्हीचे हक्क विकले जातात. तो पैसा कुणाच्या खिशात जात नाही, क्लबांत आणि मैदानांत परत येतो, हे जीएएचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. आयर्लंडच्या खेड्याखेड्यात जी मैदानं आहेत ती त्यातूनच झाली. व्यवस्थापकांना मागच्या दाराने पैसे मिळतात ही कुजबुज मात्र जुनी आहे.

२०१८ मध्ये आयर्लंडच्या आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेने काउंटी खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळापायी आठवड्याला ३१ तासांपर्यंत जातात, असं त्यात निघालं. जेवणाच्या टेबलावर या आकड्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही.

रात्री ९.४५

घरी जाताना तो गावातल्या क्लबच्या मैदानाशी थांबतो. बारा वर्षांखालच्या मुलांचा सराव आटोपलाय. दोन पालक जाळ्या गोळा करताहेत, एक बाई फाटकाला कुलूप लावतेय. यांतल्या कुणालाही काही मिळत नाही, आणि कुणाला ते विचित्र वाटत नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला काउंटी मोठी दिसते, पण मूळ क्लब आहे. क्लब म्हणजे चर्चचा पॅरिश, म्हणजे गाव. माणूस जिथे जन्मला तिथून खेळतो. चांगला खेळतो म्हणून त्याला कुणी विकत घेऊ शकत नाही. किलकेनीतलं बॅलीहेल हे इवलंसं गाव. त्याच्या शॅमरॉक्स क्लबने अखिल आयर्लंड क्लब स्पर्धा नऊ वेळा जिंकली आहे. शेफलिन तिथला, किलकेनीचा खेळाडू टी. जे. रीडही तिथला. कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा पेठेतला माणूस ज्या तिडकीने उभा असतो, तीच तिडीक इथे दोन गावांच्या सामन्याला असते. फरक एवढाच, की इथे काठ्या प्रेक्षकांकडे नसून खेळाडूंकडे असतात.

जुलैअखेर काउंटीचा हंगाम संपला की ऑगस्टपासून क्लबांचा सुरू होतो. वरिष्ठ गटात बारा क्लब. आज ज्याच्याशेजारी बसून जेवला, त्याच्याविरुद्ध हा शरद ऋतूत काठी चालवेल, आणि ती जास्त जोरात चालते.

रात्री १०.३०

ॲपवर पुढच्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती आल्या आहेत, बारा मिनिटांच्या. त्या बघायच्या, उरलेल्या वह्या तपासायच्या. हे तासही कुणी मोजत नाही.

या माणसाला पगार द्यावा का? माझं मत, देऊ नये. पगार आला की बदल्या येतील, बदल्या आल्या की बॅलीहेलचा मुलगा डब्लिनसाठी खेळेल, आणि मग फाटकाला कुलूप लावायला फुकट कोण येईल? पण पगार द्यायचा नसेल तर संघटनेने त्याच्याकडून पगारी माणसाचे तास मागू नयेत. ॲप, यंत्र, आहारतक्ते आणि चित्रफिती यांशिवाय, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि एक रविवार, एवढ्यावर हे खेळ शंभर वर्षं चालले होते. जीएएने सरावाच्या तासांना मर्यादा घालावी, आणि ती मोडणाऱ्या काउंटीचे गुण कापावेत. दुसऱ्या कुठल्या शिक्षेला इथे कुणी घाबरत नाही.